दोन स्फोट, एक प्रबंध

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटातून धूर येऊ लागला, तेव्हा तिथे जाणत्या माणसांची वानवा नव्हती. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि वर कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. अग्निशमन दल आलं, दारूगोळ्याचा लष्करी तज्ज्ञ आला, गोदीचे वरिष्ठ आले. आग कशी हाताळायची हे बंबवाल्यांना ठाऊक होतं, स्फोटकं तापली की काय होतं हे लष्करी माणसाला ठाऊक होतं, धक्क्यापाशी पाणी किती खोल आहे हे गोदीवाल्यांना ठाऊक होतं. एक म्हणाला जहाज जागीच बुडवा, दुसरा म्हणाला ओढून समुद्रात न्या, आणि हे बोलणं चालू असताना बंबांचं पाणी चालूच राहिलं. नऊशे टनांच्या आसपास पाणी आत गेलं, पण आगीचं मूळ सापडलं नाही. तीन वाटांपैकी एक निवडून इतरांना गप्प करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे कोणालाच ठरवता आलं नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. मुंबईकरांच्या स्मरणात मात्र राहिल्या त्या जहाजातून उडून घरांवर पडलेल्या सोन्याच्या विटा.

याच्या सव्वीस वर्षं आधी, ६ डिसेंबर १९१७ रोजी, कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात जवळजवळ हेच घडलं होतं. दारूगोळ्याने भरलेलं ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजाशी धडकलं, पेटलं आणि फुटलं. दोन हजारांच्या आसपास माणसं मेली, शहराचा उत्तरेकडचा भाग भुईसपाट झाला. तिथल्या सेंट पॉल चर्चमध्ये सॅम्युअल हेन्री प्रिन्स नावाचा तरुण पाद्री काम करत होता. गावावर ओढवलेला प्रसंग त्याने आत राहून पाहिला आणि मग तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन बसला. लोक आधी कसे भांबावतात, मदतीला कोण उठतं, बाहेरून आलेल्या मदतीचं आणि गावातल्या माणसांचं कुठे जमतं, कुठे फिसकटतं, हे त्याने मांडलं. १९२०मध्ये त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. आपत्तीचा समाजशास्त्रीय अभ्यास म्हणून जे आज जगभर शिकवलं जातं, त्याच्या उगमाशी हा प्रबंध ठेवतात. म्हणजे या विद्येचा पहिला विद्यार्थी नोकरीतलाच माणूस होता.

आपत्ती व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका, तीही नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार वर्गात बसून किंवा घरून, हे आपल्याकडे अलीकडच्या शिक्षणबाजारातलं खूळ मानलं जातं. नावापुढे अक्षरं लावायची सोय, असं म्हणून लोक ते सोडून देतात. इतिहास मात्र उलट बाजूने बोलतो. या क्षेत्रात जेव्हा जेव्हा काही पुढे सरकलं, तेव्हा तेव्हा प्रसंग निभावलेल्या माणसाला बसून लिहायला वेळ मिळाला होता, आणि ते लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती गेलं होतं. जिथे हे झालं नाही, तिथे शौर्य होऊनही पुढच्या वेळी पाटी कोरीच राहिली.

यावर कोणी म्हणेल, मुंबईच्या स्फोटाची चौकशी झाली होतीच की. झाली होती. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर चौकशी होते, आणि नेमकी तिथेच गोम आहे. चौकशीपुढे येणारा माणूस साक्षीदार म्हणून येतो. चूक कोणाची, हा तिथला प्रश्न असतो, त्यामुळे तो स्वतःला सावरून बोलतो, कागद दाखवतो, ‘मी वर कळवलं होतं’ म्हणतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासला. आदल्या रात्री लष्कराचे जवान खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचत होते. पुण्याला इशारा कधी, कोणी, कोणत्या शब्दांत द्यायचा, हा त्या रात्रीचा खरा धडा होता. चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती बावडेकरांनी कामाच्या मध्येच आत्महत्या केली, मग न्यायमूर्ती नाईक यांनी ते काम पुरं केलं. पण धरणावरच्या अभियंत्याला, तारघरातल्या माणसाला, नदीकाठच्या पोलीस चौकीतल्या हवालदाराला काय दिसलं आणि त्यांनी काय ठरवलं, हे त्यांच्याच शब्दांत, दोषाची भीती न बाळगता सांगायची जागा आयोगाच्या कक्षात नसते. तीच माणसं वर्गात बसली असती तर वेगळं बोलली असती. कोणाला वाचवायचं किंवा अडकवायचं नसलं की माणूस ‘त्या वेळी मला कळलंच नाही’ एवढं कबूल करतो, आणि अभ्यासाला तेवढंच हवं असतं.

लिहून ठेवण्याने काय होतं याचा जुना दाखला आपल्याकडे दुष्काळाचा आहे. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खन आणि दक्षिण भारत मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि वर एक आणा, असा दर बांधला, आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती मिळवून दुष्काळाचे वृत्तांत तयार केले आणि सरकारपुढे ठेवले. पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८८०मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता निघाली. धान्याचे भाव कधी चढतात, सावकार कर्ज द्यायला कधी आखडतो, माणसं गाव सोडून कधी हिंडू लागतात, ही लक्षणं टिपायची कशी आणि काम काढायचं केव्हा, हे त्यात होतं. कलेक्टरपासून मामलेदारापर्यंत हाताळलेल्या गोष्टींचा तो अर्क होता. मजुराच्या पोटाचा हिशेब साहेबाच्या सोयीने केलेला होता हे खरं. पण पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. महाराष्ट्रात १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा पाझर तलाव, खडी, मस्टर, हजेरी ही सगळी भाषा महसूल खात्याच्या अंगवळणी पडलेली होती. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती.

इथेच माझ्या मुद्द्याविरुद्ध जाणारा पुरावाही मांडायला हवा. १९४३मध्ये बंगालात संहिता होती, अधिकारी होते, छापील पानं होती. तरी तिथल्या सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही, संहिता लागू झाली नाही आणि लाखो माणसं मेली. तेव्हा लिहून ठेवलं की काम झालं, असं नाही. पुस्तक कपाटात राहू शकतं. ते वाचलेला, त्यावर भांडलेला, ‘आता हे कलम लावायची वेळ आली’ असं वरिष्ठाला तोंडावर सांगू शकणारा माणूस जागेवर असावा लागतो. तो नियमपुस्तकातून तयार होत नाही, आणि नुसत्या अनुभवातूनही नाही.

असा माणूस घडवण्याची पहिली देशव्यापी शाळा नागपुरात रुजली. राष्ट्रीय अग्निसेवा महाविद्यालय १९५६मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. त्याच १९५७ साली केंद्राने आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी संस्थाही नागपुरातच काढली. या दोन्ही ठिकाणी विद्यार्थी म्हणजे प्रामुख्याने खात्याने पाठवलेली माणसं: सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, डिव्हिजनल ऑफिसर, महसुलातले, पोलिसांतले, होमगार्डमधले. शिडी, दोर, स्ट्रेचर, पडक्या भिंतीला टेकू कसा द्यायचा, ढिगाऱ्याखालच्या माणसाला हाक देऊन मग एकदम शांत राहून कान कसा लावायचा, हे तिथे हाताने करून शिकवलं जाई. पण १९६२ आणि १९६५ची युद्धं झाली आणि या दुसऱ्या शाळेचं तोंड फिरलं. १९६८मध्ये नागरी संरक्षणाचा कायदा आला आणि त्याच वर्षी त्या संस्थेचं नाव राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं. पूर, भूकंप, वादळ मागे पडले. भोंगा, काळोख, बॉम्ब पुढे आले. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप नुकताच होऊन गेला होता, तरीही. अमेरिकेतही हेच झालं होतं: १९५०च्या नागरी संरक्षण कायद्यानंतर तिथे अणुहल्ल्याची तयारी हाच आपत्तीचा अर्थ होऊन बसला. त्यातून ते बाहेर आले ते १९७९मध्ये आपत्ती व्यवस्थापनाची ‘फेमा’ ही केंद्रीय संस्था निघाल्यावर, आणि १९८३मध्ये नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने या विषयाची पहिली पदवी सुरू केल्यावर. आपल्याला त्यासाठी किल्लारीचा भूकंप पाहावा लागला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप तसा फार मोठा नव्हता. मारलं ते घरांनी. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्याही आतून-बाहेरून दोन थरांत रचलेल्या, दोन्ही थर बांधून धरणारा आरपार दगड मध्ये नाही, आणि वर मातीचं जड माळवद. हादरा बसताच भिंतीचे दोन थर सुटे झाले आणि माळवद खाली आलं. मग पुनर्वसनाचा प्रचंड प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहिला. ५२ गावं पूर्ण हलवली गेली, आणि दोन लाखांच्या आसपास घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करण्यात आली. या दुरुस्तीत भिंतीला भोक पाडून तो आरपार दगड किंवा काँक्रीटचा तुकडा बसवायचा, माळवदाची माती कमी करायची, हे गवंड्यांनी शिकून घेतलं. माझ्या मते महाराष्ट्राने आपत्तीविषयी मिळवलेलं सर्वांत मोलाचं ज्ञान या भोकात आहे. नवी गावं फोटोत छान दिसतात. पण पुढच्या भूकंपात जीव वाचला तर तो त्या ओबडधोबड दुरुस्तीने वाचेल.

हे ज्ञान गेलं कुठे? ते माणसांबरोबर चालत गेलं. तेव्हाचे लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तीविषयक कामात गेले. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांना २००१च्या भूजच्या भूकंपानंतर पंतप्रधान वाजपेयींनी राष्ट्रीय समितीत उपाध्यक्षपद दिलं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर काम केलेल्या लातूर-उस्मानाबादच्या बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. मागे उरले ते जिल्ह्याचे आपत्ती आराखडे, पुण्याच्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेतलं केंद्र आणि मंत्रालयातला नियंत्रण कक्ष. हे थोडं नाही. त्या वेळी इतर बहुतेक राज्यांत एवढंही नव्हतं. पण बदली झालेल्या अधिकाऱ्याने चार्ज देताना फायलींची यादी दिली, डोक्यातली यादी दिली नाही. कारण ती मागणारं कोणी नव्हतं.

ती मागणारी जागा उशिरा तयार होऊ लागली. १९९५मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्थेत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन केंद्र निघालं, भूजनंतर हा विषय कृषी मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे गेला, २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने त्याच केंद्रातून झालेल्या राष्ट्रीय संस्थेला वैधानिक रूप मिळालं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने घरबसल्या करता येणारी पदव्युत्तर पदविका काढली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने जमशेटजी टाटा केंद्र उभारून पूर्ण पदव्युत्तर पदवी सुरू केली; फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत आपली माणसं धाडणारी ही संस्था, तिच्यासाठी हा विषय परका नव्हताच. नागपूरचं नागरी संरक्षण महाविद्यालय अखेर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत सामावलं गेलं. अमेरिकेत या शिक्षणाचं एक रूप फार नेमकं आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथली नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल २००३पासून पोलीस, अग्निशमन, आरोग्य खात्यांतल्या अधिकाऱ्यांसाठी दीड वर्षाची पदवी चालवते. विद्यार्थी दर तिमाहीत दोन आठवडे तिथे राहतो, बाकी वेळ आपल्या कामावर असतो, आणि शेवटी स्वतःच्या कामातल्या एखाद्या अडचणीवर प्रबंध लिहितो. ते प्रबंध पुढे कोणालाही वाचायला मिळतात. हॅलिफॅक्सच्या पाद्र्याने एकट्याने जे केलं, त्याचीच ही पद्धत बनवलेली आहे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: पाण्यात पडलं की पोहता येतं, आपत्ती अंगावर आली की अधिकारी शिकतोच. शिंप्याच्या किंवा सुताराच्या धंद्यात हे बरोबर ठरेल; तिथे रोज तेच काम हाताखाली येतं. या धंद्याची अडचणच ही, की इथे सराव होत नाही. सांगली-कोल्हापुरात २००५मध्ये महापूर आला आणि मग तसा २०१९मध्ये. मधल्या चौदा वर्षांत किती जिल्हाधिकारी, किती तहसीलदार येऊन गेले याची मोजदाद करा. २००५ साली कुठल्या गावाचा रस्ता आधी बुडाला, कुठले लोक ‘एवढं पाणी चढत नाही’ म्हणून घर सोडेनात, हे २०१९च्या खुर्चीवरल्या माणसाला आठवणं शक्यच नव्हतं. स्वतःचा अनुभव आयुष्यात एकदाच येणार असेल तर दुसऱ्याचा उसना घ्यावा लागतो, आणि उसना घ्यायचा तर तो कुठेतरी मांडलेला असावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: या पदव्या बढतीच्या अर्जाला जोडायचे कागद झाले आहेत. यात तथ्य आहे. स्वाध्याय एकमेकांचे उतरवून काढता येतात. शिवाय ज्याच्यावाचून कार्यालयात काही अडत नाही त्याचं नाव प्रशिक्षणाला पाठवायचं, हा आपला जुना रिवाज. पण यावरचं औषध पदवी बंद करणं नाही, तिची अट बदलणं आहे. आपत्तीची व्याख्या आणि तिचे प्रकार पाच गुणांना विचारण्यापेक्षा, विद्यार्थ्याने स्वतः हाताळलेला एक प्रसंग तासातासाच्या नोंदींसह लिहावा, चुकलेला निर्णय दडवू नये, आणि तो प्रबंध पुढच्या तुकडीला वाचायला मिळावा. दुसऱ्याचा पूर उतरवून काढता येत नाही.

तिसरा आक्षेप असा, की खरं काम शेजारीच करतात, पदवीधर नंतर पोचतात. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गेलं, तेव्हा जगाला ते प्रथम कळलं एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या वाटेवर गाडी नेली तर समोर गावच नव्हतं. हे अगदी मान्य. पण त्यातून पदवी निरुपयोगी ठरत नाही. तिच्या वर्गात कोणाला बसवायचं, याची आपली कल्पना तोकडी आहे हे ठरतं. नोकरीतला व्यावसायिक म्हणजे उपजिल्हाधिकारी आणि कंपनीतला सुरक्षा अधिकारी, एवढंच आपण धरून चालतो. एसटीचा आगारप्रमुख, तालुक्याच्या रुग्णालयातली परिचारिका, वीज कंपनीचा लाइनमन, तलाठी, आशा सेविका यांच्याकडे जे आहे त्याला प्रवेशाच्या रांगेत किंमत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप सहसा कोणी बोलून दाखवत नाही. सेवेत असलेल्या माणसाने सरकारच्या कारभारावर उघड टीका करायची नाही, असे वर्तणूक नियम आहेत. मग तो आपल्याच खात्याच्या चुकीवर प्रबंध लिहिणार कसा? लिहिला तर गुळमुळीत लिहील. या आक्षेपाला विद्यापीठाकडे उत्तर नाही, शासनाकडेच आहे: पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाला त्या नियमांतून स्पष्ट सूट देणारा एक शासन निर्णय. तो निघेपर्यंत एक वाट मोकळी आहे. किल्लारीच्या वेळी तिशीत असलेला तलाठी आज साठीच्या पुढे आहे. त्याला आता बदलीचं भय नाही, आणि कोणत्या गावात माळवद कसं पडलं हे त्याला अजून आठवतं. आपत्ती व्यवस्थापनाचे वर्ग चालवणाऱ्यांनी त्याला या वर्षीच बोलवावं.